मेजावरील सीताबर्डी

गेल्या दिवाळीत आमच्या अंगणात किल्ला झाला नाही, ही गोष्ट आळीत दोन दिवस चर्चेचा विषय होऊन बसली होती. वसुबारसेच्या आधी विटा, गोणपाट आणि काळी माती आणून टाकावयाची, मुलांनी कोपरापर्यंत हात बरबटून घ्यावयाचे, वर हळीव किंवा मोहरी पेरावयाची, आणि सर्वांत उंच जागी महाराजांचे सिंहासन मांडून पायऱ्यापायऱ्यांवर मावळे उभे करावयाचे, हा परिपाठ आमच्या लहानपणापासून या घरात कधी चुकला नव्हता. गेल्या वर्षीही माती आली, विटा आल्या. परंतु त्या अंगणात न राहता माडीवरील जुन्या मेजावर चढल्या. आमच्या पुतण्याचे चिरंजीव, वय वर्षे तेरा, यांनी असे जाहीर केले की यंदा प्रतापगड नाही, रायगडही नाही, यंदा सीताबर्डी.

कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "लहान आजोबा, रायगड मी चित्रातच पाहिला आहे. ही टेकडी तर शाळेत जाताना रोज मेट्रोतून दिसते."

या उत्तरावर आम्हांस काही बोलता आले नाही. आमच्या वडीलबंधूंस मात्र आले. दादासाहेबांची छत्तीस वर्षे सरकारी नोकरीत गेली आहेत आणि नियमाबाहेरच्या गोष्टीचा त्यांस मनापासून तिटकारा आहे. ते म्हणाले, "दिवाळसणाच्या दिवशी घरात पराभवाचा देखावा कशास मांडावयाचा? आपण जिंकलेल्या लढाया काय थोड्या आहेत?"

प्रश्न रास्त होता, आणि वाचकांपैकी पुष्कळांच्या मनात तो याच क्षणी आला असेल. त्याचे उत्तर आम्हांस लगेच सुचले नाही. पुढे दोन महिने त्या मेजाभोवती जे घडले, त्यात ते थोडेबहुत सापडले असे वाटते, म्हणून ही हकीकत लिहीत आहे.

ज्यांचा या लढाईशी परिचय शाळेच्या पुस्तकातील दोन ओळींपुरता आहे, त्यांच्यासाठी आधी प्रसंग सांगितला पाहिजे. मे १८१६ मध्ये मुधोजी ऊर्फ अप्पासाहेब भोसले यांनी कंपनी सरकारशी तैनाती फौजेचा तह केला. पुढील वर्षाच्या फेब्रुवारीत परसोजी भोसले मारले गेले आणि अप्पासाहेब गादीवर आले. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीस पेशव्यांची व इंग्रजांची लढाई जुंपली. आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेस अप्पासाहेबांनी, रेसिडेंट जेन्किन्स याचा विरोध न जुमानता, पेशव्यांकडून आलेली सेनापतिपदाची वस्त्रे भर दरबारात स्वीकारली. रेसिडेन्सी सीताबर्डीच्या दोन टेकड्यांच्या पश्चिमेस होती. इंग्रजांनी तातडीने दोन्ही टेकड्या व्यापल्या. २६ तारखेस सायंकाळी बंदुका सुरू झाल्या, त्या दुसऱ्या दिवशी दुपारी थांबल्या. एकंदर अठरा तास. भोसल्यांकडे अठरा ते वीस हजार माणूस, त्यांत तीन-चार हजार अरब, आणि छत्तीस तोफा. इंग्रजांकडे सारे मिळून तेरा-चौदाशे. सकाळी अरबांनी लहान टेकडी हस्तगत केली. त्या वेळी इंग्रजांचा निभाव लागणार नाही, असेच कोणासही वाटले असते. तोच कॅप्टन फिट्झजेराल्ड याने बंगाली रिसाल्याच्या तीन तुकड्या घेऊन खालच्या मैदानात हल्ला चढविला, भोसल्यांच्या तोफा घेतल्या, आणि लढाईचा रंग पालटला. इंग्रजांची ठार व जखमी माणसे साडेतीनशेंच्या वर गेली. म्हणजे दर चौघांत एक. इतके होऊनही टेकड्या त्यांच्याच हाती राहिल्या. आज तेथे जो किल्ला आहे, तो या लढाईनंतर इंग्रजांनी बांधिला. तो आता लष्कराकडे असून वर्षातून मोजक्या राष्ट्रीय दिवशी लोकांस पाहावयास मिळतो.

चौदाशे माणसांपुढे अठरा हजारांचे काही चालू नये, हे कोडे दादासाहेबांस जिव्हारी लागणारे होते. "तीच तर लाज," असे म्हणून ते माडीवरून खाली गेले, आणि पंधरा दिवस पुन्हा वर फिरकले नाहीत.

आता या खेळाविषयी. शिपायांच्या छोट्या पुतळ्यांनी मेजावर लढाई खेळणे हा निव्वळ पोरखेळ आहे, असा आमचाही समज होता. आपले बुद्धिबळ तरी दुसरे काय आहे? परंतु बुद्धिबळाचा पट सपाट, प्यादी सारी सारखी, आणि जिकडे बुद्धी तिकडे जय. खऱ्या रणांगणावर टेकडी असते, रात्र असते, निरोप वाटेत हरवतो आणि माणूस भितो. या साऱ्यास पटावर जागा करून देण्याचा पहिला मोठा उद्योग प्रशियात झाला. राइस्विट्झ नावाच्या गृहस्थाने १८१२ मध्ये असा खेळ तेथील राजाला दाखविला. त्याच्या मुलाने, जो स्वतः लष्करात अधिकारी होता, १८२४ मध्ये तो नकाशावर आणून, फासे आणि मधस्थ पंच यांची जोड देऊन, इतका नीटनेटका केला की प्रशियाच्या सैन्याने आपल्या अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी तो उचलला. घरगुती मंडळींत तो आला तो पुढे, शिशाचे शिपाई स्वस्त झाल्यावर. विल्यम ब्रिटन या इंग्रज कारखानदाराने १८९३ पासून आतून पोकळ पुतळे ओतावयास आरंभ केला, आणि एच. जी. वेल्स या विख्यात कादंबरीकाराने १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' नावाचे पुस्तक लिहून घरच्या जमिनीवर लढाया खेळण्याचे नियम सांगितले. त्यात स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळ्या उडवून शिपाई पाडावयाचे असत. खऱ्या युद्धापेक्षा हे युद्ध शतपट बरे, असे त्याचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी युरोपात जे पेटले, ते पाहता ते म्हणणे फार कोणी मनावर घेतले नसावे.

आज या छंदाचे पुतळे प्लॅस्टिकचे व धातूचे, निरनिराळ्या मापांचे मिळतात. आमच्या माडीवर जे माप चालते, त्यात माणूस खऱ्याच्या बाहत्तराव्या हिश्शाएवढा, म्हणजे जेमतेम इंचभर असतो. परंतु बाजारात नेपोलियनचे फ्रेंच आहेत, वेलिंग्टनचे इंग्रज आहेत, रशियाचे कोसॅक आहेत. नागपूरकर भोसल्यांचा अरब कोणी ओतून ठेवलेला नाही. दिवाळीत मिळणारे मातीचे मावळे आमच्या सर्वांच्या जिव्हाळ्याचे खरे, पण त्यांचे माप एकमेकांशीही जुळत नाही. तेव्हा उपाय एकच: जो शिपाई मिळतो तो घ्यावयाचा, आणि कापून, तासून, जोडून, लिंपून त्याचा हवा तो शिपाई करावयाचा. या छंदातील खरी कला ती हीच, असे आता आमचे मत झाले आहे.

आधी गणित मांडावे लागले. वीस माणसांमागे एक पुतळा धरला, तर इंग्रजांचे सत्तर आणि भोसल्यांचे नऊशे होतात. नऊशे पुतळे रंगवावयाचे तर चिरंजिवांची दहावी आटोपली असती. पन्नासांमागे एक धरला तेव्हा इंग्रजांकडे अठ्ठावीस आणि भोसल्यांकडे तीनशे साठ आले. हेही पुष्कळच होते. पण आमचे कुटुंब मोठे आहे, आणि एकत्र कुटुंबाचा एक फायदा असा की कामाला हात कमी पडत नाहीत. कुरकुर करणारी तोंडेही कमी पडत नाहीत, ते निराळे.

रूपांतराची रीत थोडक्यात सांगतो. पुतळे साबणाच्या पाण्यात धुवून घ्यावे लागतात, कारण साच्यातून निघताना त्यांवर तेलकट थर राहतो. आम्ही पहिल्या वीस शिपायांची अंघोळ चुकविली, आणि आठ दिवसांत बंदुकांच्या टोकांवरील रंगाचे पोपडे सुटू लागले. मग साच्याच्या जोडाची रेघ सुरीने खरवडावयाची. डोके बदलावयाचे असेल तर मानेशी सरळ काप घ्यावयाचा, दोन्हीकडे बारीक गिरमिटाने भोक पाडावयाचे, त्यात पितळी तारेचा तुकडा बसवून वर फेव्हिक्विकचा थेंब सोडावयाचा. तार न घालता नुसते चिकटविलेले डोके पहिल्याच चढाईत धारातीर्थी पडते. कोसॅक स्वाराच्या हातात लांब भाला असतोच. त्याची केसाळ टोपी काढून पागोटे बसविले, अंगरख्याचा घोळ वाढविला, की मराठा भालेदार तयार होतो. अरबांसाठी ईजिप्तच्या मामलुकांचा संच कामी आला. त्यांच्या बंदुका तोडून तारेच्या लांब नळ्या बसविल्या, म्हणजे तोड्याच्या बंदुका झाल्या, आणि कमरेला पुट्टीचा वाकडा जंबिया. धातूच्या जुन्या पुतळ्यांत शिसे असते, म्हणून त्यांचा कीस अन्नाजवळ पडता कामा नये आणि काम झाल्यावर हात चांगले धुतले पाहिजेत. आमच्या वहिनींनी हे ऐकताच स्वयंपाकघर, माजघर आणि जेवणाचे मेज या तिन्ही ठिकाणी या सैन्यास मज्जाव केला. माडी मिळाली ती यामुळेच.

परंतु पागोट्यांनी आमचा जीव मेटाकुटीस आणला. एम-सीलची पुट्टी मळून तिची सुतासारखी वळी करावयाची आणि ज्वारीच्या दाण्याएवढ्या डोक्यावर तीन फेरे द्यावयाचे. आमचे फेरे कधी टोपलीसारखे होत, कधी जखमेस बांधलेल्या पट्टीसारखे. चिरंजिवांचेही तेच. एके दिवशी वहिनी कपडे वाळत घालण्यास वर आल्या, क्षणभर पाहत उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, "काय करून राहिले रे तुम्ही दोघं? सरका." त्यांनी हाताला पाणी लावले, चिमूटभर पुट्टी घेतली, आणि अंगठा व तर्जनी यांमध्ये ती अशी वळली की आम्ही पाहतच राहिलो. ज्या बोटांनी पन्नास वर्षे लग्नामुंजींसाठी गव्हले आणि मालत्या वळल्या, त्यांना पागोट्याचे काय अवघड! तासाभरात अकरा पागोटी झाली, आणि एकासारखे दुसरे नाही. हे योग्यच होते. मराठी स्वारास सरकारी पोशाख नव्हता. ज्याचा घोडा, ज्याचा भाला, त्याचेच कपडे. कवाइती पलटण रंगविणे सोपे, कारण एक रंग कालवला की सारी रांग उरकते. आपल्या लोकांचे तसे नाही. प्रत्येक जण स्वतंत्र रंगवावा लागतो.

रंगकामाच्या तपशिलात फार शिरत नाही. आधी अस्तर, मग मूळ रंग, त्यावर गडद पातळ रंगाचा हात, म्हणजे चुण्यांत सावली उतरते. शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवटे उजळावयाचे. चितारओळीतील एका मूर्तिकाराने चिरंजिवांस कुंचला कसा धरावा ते दाखविले. त्याच्याकडे डोळे सर्वांत शेवटी. या छंदातील पुष्कळ मंडळी मात्र डोळे आधी रंगवितात, कारण चुकले तर भोवतालच्या कातडीच्या रंगाने चूक झाकता येते. मूर्तिकारास ही युक्ती मुळीच आवडली नाही. इंचभर माणसास डोळे नसले तरी चालते, भुवईखाली एक काळी रेघ पुरे, असे सांगून आम्ही तो वाद मिटविला.

कातडीच्या रंगापाशीच मोठी गोष्ट घडली. परदेशी रंगांच्या संचात एक बाटली असते, तिच्यावर 'मांसवर्ण' अशा अर्थाचा शब्द छापलेला असतो. उघडून पाहावे तो रंग गुलाबी. ज्याने ती बाटली भरली त्याच्या मते मांस म्हणजे गोऱ्याचे मांस. तपकिरी माणसासाठी निराळी बाटली निराळ्या नावाने घ्यावी लागते. आम्ही ती घेतली नाही. गेरूसारखा तांबूस रंग व तपकिरी मिसळून घरीच कालवला. चिरंजिवांनी मेजावर दोन वाट्या ठेविल्या: एक तपकिरी भोसल्यांसाठी, एक गुलाबी इंग्रजांसाठी. आणि इंग्रजांच्या अठ्ठावीस पुतळ्यांची यादी करावयास बसला.

विसाव्या आणि चोविसाव्या मद्रासी पलटणींतील एकेक बटालियन. मद्रासी शिपाई, म्हणजे तेलुगू, तमिळ आणि दक्षिणेतील मुसलमान. वाटी तपकिरी. बंगाली रिसाल्याच्या तीन तुकड्या; स्वार हिंदुस्थानी. वाटी तपकिरी. रेसिडेंटचे पहारेकरी. वाटी तपकिरी. पन्नासांमागे एक या हिशेबाने गोऱ्या अधिकाऱ्यांच्या व गोलंदाजांच्या वाट्यास पुरते दोन पुतळेही येईनात. गुलाबी वाटी वाळून गेली. दुसऱ्या बाजूस, भोसल्यांच्या फौजेत जे जिवावर उदार होऊन लढले ते अरब. मराठी माणूस बहुतेक दूर उभा.

चिरंजिवांनी यादी खाली ठेविली आणि विचारले, "लहान आजोबा, मग यात इंग्रज कुठे आहेत?"

आम्ही त्यास दादासाहेबांकडे पाठविले. हे आम्ही थोड्या लबाडीनेच केले, हे कबूल करतो. ज्या गोष्टीचा राग येतो तिची माहिती काढल्यावाचून दादासाहेबांस राहवत नाही, हे आम्हांस साठ वर्षांच्या अनुभवाने ठाऊक आहे. त्यांनी त्या वेळी उत्तर दिले नाही. परंतु रात्री उशिरापर्यंत त्यांच्या खोलीत दिवा दिसू लागला, आणि चार-पाच दिवसांनी ते जाडजूड इंग्रजी पुस्तकात बोट घालून माडीवर आले.

"तुझ्या चोविसाव्या पलटणीच्या कॉलरला आणि कफांना कोणता रंग देणार आहेस?" त्यांनी विचारले.

चिरंजीव म्हणाला, "अजून ठरलं नाही. का हो आजोबा?"

मग त्यांनी जे सांगितले, ते आमच्या ध्यानीमनी नव्हते. कंपनीच्या पलटणी लाल डगल्यांमुळे लांबून सारख्याच दिसत; त्या ओळखावयाच्या त्या कॉलर व कफ यांच्या रंगावरून. प्रत्येक पलटणीचा तो रंग म्हणजे तिचे कूळ. १८०५ च्या अखेरीस मद्रासच्या सेनापतीने फर्मान काढिले की शिपायांनी कपाळी गंध लावू नये, दाढी ठराविक रीतीने काढावी, आणि डोक्यावर नव्या घाटाचे, कातडी तुरा लावलेले पागोटे घालावे. कातडी तुरा पाहून हिंदू बिथरले, मुसलमानही बिथरले. ही टोपीवाल्यांची टोपीच आहे, उद्या आपणांस किरिस्ताव करतील, अशी वार्ता पसरली. १० जुलै १८०६ रोजी वेल्लोरच्या किल्ल्यात शिपायांनी बंड केले, गोरे मारले, आणि त्याच दिवशी ते बंड रक्तात बुडविण्यात आले. ज्या पलटणी त्यात होत्या, त्या मोडल्या, आणि त्यांचे क्रमांक सैन्याच्या यादीतून खोडून टाकिले. पहिली पलटण त्यांतलीच. तिच्या जागी जी नवी उभी केली, तिला चोविसावा क्रमांक दिला.

"आणि अकरा वर्षांनी," दादासाहेब पुस्तक मिटीत म्हणाले, "हीच चोविसावी सीताबर्डीवर उभी होती. लढाई जिंकल्यावर बक्षीस काय हवे म्हणून विचारले, तेव्हा या लोकांनी मागितले काय? जुना क्रमांक आणि डगल्याच्या कफाचा जुना रंग. तो त्यांस परत मिळाला."

माडीवर कोणी काही बोलले नाही. आम्हांस राहून राहून असे वाटले की आमच्या आप्पासाहेबांचे राज्य घालवून त्या बिचाऱ्यांनी मिळविले ते एवढेच: बाह्यांवरची दोन बोटे पट्टी. आणि त्या पट्टीसाठी मरावयास तयार झालेल्या माणसाकडे नुसता शत्रू म्हणून पाहणे त्या दिवसापासून कठीण झाले. दादासाहेबांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि एक शिपाई उचलून विचारले, "याची विजार गुडघ्यापाशी का कापली आहे?" शिपाई मुळात वेलिंग्टनचा फ्रान्सशी लढणारा इंग्रज, त्याची पुढे झापड असलेली टोपी काढून बिनझापडीची उंच टोपी चढविली होती, पायांतील बूट तासून वहाणा केल्या होत्या. ते सारे त्यांनी नाकाशी धरून तपासले आणि एका वहाणेचा बंद राहिला आहे, अशी चूक काढली. त्या दिवसापासून ते रोज येऊ लागले.

रणभूमी तयार करण्यात दोन तंटे झाले. टेकड्यांवर मोहरी पेरावी असे वहिनींचे मत. पण लढाई नोव्हेंबरअखेरची, त्या दिवसांत आपल्याकडचे गवत पिवळे पडलेले असते. परदेशी संचातील हिरवेगार कृत्रिम गवतही त्याच कारणाने बाद झाले. शेवटी झाडूच्या काड्यांचा भुगा, काळी माती आणि खाली काळ्या खडकाचा रंग असे ठरले. दुसरा तंटा अंतरांचा. दोन टेकड्यांमधील अंतर चिरंजिवांनी सोयीने वाढविले होते. दादासाहेबांनी ते फूटपट्टीने मोजून कमी करविले. लहान टेकडीच्या पायथ्याशी वस्तीची घरे मात्र सर्वांच्या संमतीने वाढविली, कारण अरब त्यांच्या आडोशानेच वर चढले.

नियमांविषयी एकच सांगतो, कारण तो आमचा स्वतःचा आहे. अठरा हजार विरुद्ध चौदाशे असा खेळ मांडला तर भोसले दहा मिनिटांत जिंकतात, आणि मग ती सीताबर्डी राहत नाही. प्रत्यक्षात फौज होती, पण ती लढत नव्हती. खुद्द अप्पासाहेबही या हल्ल्यास आपली आज्ञा नव्हती असे निरोप पाठवीत होते. तेव्हा नियम केला की अरब सोडून भोसल्यांची कोणतीही तुकडी हलवावयाची असेल तर आधी दरबाराचा फासा टाकावा; सहा पडले तरच हुकूम मिळाला. या फाशाला चिरंजिवांनी 'मन' असे नाव दिले.

खेळाचा दिवस कार्तिकी पौर्णिमेचा रविवार ठरला. घरातील एकही मूल इंग्रजांची बाजू घेईना. शेवटी दादासाहेब म्हणाले, "मी बसतो. कोणी तरी बसलेच पाहिजे." भोसल्यांकडे चिरंजीव आणि त्याची दोन चुलतभावंडे, पंचाचे काम आमच्याकडे. मनाचा फासा अकरा वेळा टाकला आणि सहा फक्त एकदा पडले. तरीही अरबांनी लहान टेकडी घेतलीच, तोफ वर चढविली, आणि मोठ्या टेकडीवरील पाच शिपाई आडवे झाले. आता फिट्झजेराल्डची वेळ. त्याने वारंवार परवानगी मागितली होती, ती मिळाली नव्हती. शेवटी जायचेच असेल तर आपल्या जबाबदारीवर जा अशा अर्थाचा निरोप आला, आणि तो गेला, असे सांगतात. नियमात आम्ही हे तसेच ठेविले होते: इंग्रज सेनापतीने फासा टाकून हुकूम मिळवावा, अथवा हुकमावाचून रिसाला सोडावा आणि परिणाम भोगावा.

दादासाहेबांनी फासा टाकला. हुकूम आला नाही. पुन्हा टाकला, नाही. मुले श्वास रोखून पाहत होती. आम्ही पंच असूनही हळूच म्हणालो, "दादा, हुकमावाचून सोडता येतो."

"लेखी आहे का कुठे?" दादासाहेबांनी विचारले.

"नाही."

"मग नाही," ते म्हणाले, आणि हात घडी घालून बसले.

रिसाला जागचा हलला नाही. पुढच्या तीन डावांत मोठी टेकडी पडली. १८१७ साली जे झाले नाही ते आमच्या माडीवर झाले: सीताबर्डी भोसल्यांनी जिंकली. मुलांनी इतका गलका केला की वहिनी जिना चढून वर आल्या. चिरंजीव तेवढा गप्प होता. तो एकेक पुतळा पेटीत ठेवीत होता, आणि लाल डगल्यांच्या पुतळ्यांपाशी आल्यावर त्याने विचारले, "आता यांना त्यांचा कफाचा रंग परत नाही मिळणार ना?" दादासाहेबांनी त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "पेटीत नीट ठेव. रंग निघेल."

पुतळ्यांचे काम तेथे संपावयाचे, परंतु एक राहिला होता. पागोटे घातलेले, घोड्यावरचे अप्पासाहेब कधीच झाले होते. वहिनींनी त्यांचे पागोटे सर्वांत जपून बांधले होते. मार्गशीर्षात दादासाहेबांनी आणखी एक वाचलेले सांगितले. पुढे १८१८ मध्ये इंग्रजांनी अप्पासाहेबांस कैद करून अलाहाबादेस रवाना केले, तेव्हा मे महिन्यात जबलपूरच्या अलीकडील एका मुक्कामावर पहाऱ्यावरील काही शिपाई फितवून ते निसटले. अंगावर कंपनीच्या शिपायाचा पोशाख चढवून, पहारा बदलतो त्याप्रमाणे ते तंबूतून चालत बाहेर पडले. नंतर महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयास राहिले, आणि अखेर १८४० मध्ये जोधपुरास वारले.

चिरंजिवांनी पेटीतील एक जास्तीचा शिपाई काढला, मानेशी काप घेतला, तार बसविली. लाल डगला होताच. तोंडास रंग देताना त्याला नवी वाटी कालवावी लागली नाही; तपकिरी वाटीत अजून रंग शिल्लक होता. कॉलर आणि कफ यांना कोणता रंग द्यावा, यावर आजोबा-नातवाचे अद्याप एकमत झालेले नाही. फितूर झालेले शिपाई कोणत्या पलटणीचे होते, हे दादासाहेब शोधीत आहेत. तोपर्यंत तो पुतळा बिनकफाचा, त्यांच्या लिहिण्याच्या मेजावर, चष्म्याच्या डबीशेजारी उभा आहे.